डिझेलच्या टाकीखालची विहीर

आमच्या पंपाची डिझेलची टाकी विहिरीत उतरवली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एक्क्याऐंशी साल असेल. अंबडच्या रस्त्याला आमचं शेत, आणि शेताच्या तोंडालाच ती विहीर. बहात्तरच्या दुष्काळात आटली ती आटलीच. नंतर पाऊस झाले, ओढे वाहिले, पण हिच्या तळाला ओल म्हणून आली नाही. सासऱ्यांना पंप मंजूर झाला आणि टाकीसाठी खड्डा खणायला माणसं लावली, तर हातभर मातीखाली नुसता काळा पत्थर. सुरुंग लावायचे तर खर्च झेपण्यातला नव्हता. मग सासऱ्यांच्या डोक्यात आलं, की आयता खड्डा आहेच की आपला! अर्ध्याच्या वर दगड-मुरूम भरायचा, त्यावर वाळू, वाळूवर टाकी आडवी निजवायची, आजूबाजूनं पुन्हा वाळू आणि वरून सिमेंट. कंपनीची माणसं आली, मापं घेऊन गेली. त्यांचा मतलब खड्ड्याशी. हा खड्डा आधी कोण होता, हे काही त्यांनी विचारलं नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. निजामाच्या वेळच्या उर्दू शाळेत शिकलेला माणूस, बोलणं मोजकं. टाकी उतरवायच्या दिवशी त्यांनी मला हळदी-कुंकू आणायला लावलं. विहिरीला वाहिलं, नारळ सोडला. आणि एक लोखंडी नळी त्यांनी तळापासून वरपर्यंत उभी ठेवली. विहीर बुजवली तरी तिच्या श्वासाला वाट ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. कडुनिंबाच्या बुंध्याजवळ त्या नळीचं तोंड निघालं. माझी मूठ आत जाईल एवढं.

क्रेनवाला हसला. म्हणाला, "बाबा, मेलेल्या विहिरीला श्वास कशाला लागतो?"

मामा म्हणाले, "मेली असं तुला कुणी सांगितलं? निजून हाय."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन पावलं मागं सरले. नवी होते ना, हसावं की घाबरावं ते कळेना.

वीस वर्षं काही झालं नाही, बरं का. पंप चालला. रोज सकाळी आमचे हे टाकीत खुणांची दांडी सोडायचे, किती माल आहे ते वहीत लिहायचे. दांडीच्या टोकाला एक लेप लावायचा असतो. टाकीत पाणी शिरलं असेल तर तो रंग बदलतो. आमच्या टाकीत कधी थेंब निघाला नाही. मामांची नजर हळूहळू गेली, काचबिंदूनं. तेव्हापासून त्यांची खाट त्या कडुनिंबाखाली आली. येणारी गाडी ट्रक आहे का जीप, भरलेली आहे का रिकामी, हे ते नुसत्या आवाजावर सांगायचे, आणि कधी चुकले नाहीत.

आता माझं सांगते, कारण ह्या गोष्टीत माझा हात आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण वाचायचा नाद भारी. किराण्याच्या पुड्या सोडून कागद वाचायची, मग पंपावर पेपर यायला लागला तर तो उभा-आडवा वाचायची. तोवर डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि कधी तरी बदलायचं. मग नियम बदलला. महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला भाव हलायला लागला, आणि तो हलायचा कुठल्या तरी समुद्रातल्या तेलाच्या मागं. पेपरात एका कोपऱ्यात यायचं, ब्रेंट इतके डॉलर पिंप, दुबई इतके. एकदा कंपनीचे साहेब चहाला टेकले, तेव्हा मी विचारूनच टाकलं.

"साहेब, हे ब्रेंट म्हणजे काय असतंय?"

"तेलाची एक जात आहे, वहिनी. तिकडं विलायतेच्या वरच्या समुद्रात निघते. पातळ आणि गोड."

"तेल अन् गोड?"

"गंधक कमी असला की गोड म्हणतात. दुबईचं आंबट. आपला देश दोन्ही तऱ्हेचं घेतो, म्हणून दोन्ही भाव धरून आपला भाव काढतात."

"म्हणजे मोंढ्यात एका चांगल्या शाळूचा भाव फुटतो, अन् बाकीच्या ज्वाऱ्या त्याच्या खाली-वर लागतात, तसं."

साहेब यांच्याकडं बघून हसले. "बघा, मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं."

"मंग हे ब्रेंट आपल्या टाकीत येतं का कधी?"

"छे! त्या विहिरी तर आता आटत आल्यात. पण भाव त्यांच्याच नावानं फुटतो."

ते सहज बोलून गेले. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. आटत आलेली विहीर, आणि तिच्या नावानं साऱ्या जगाचं तेल तोलायचं! त्या दिवशी स्वयंपाक करताना माझं लक्ष सारखं खिडकीतून कडुनिंबाकडं जात होतं.

पण नाद लागला तो लागला. मी एका वहीत रोजचा ब्रेंट लिहायला लागले. पंधरवडा संपत आला की यांना सांगायची, चढणार किंवा उतरणार. चढणार असेल तर हे आधी टाकी भरून घ्यायचे. उतरणार असेल तर टँकर मागवायचाच नाही, टाकी तळाला जाऊ द्यायची, नाही तर महागात घेतलेला माल स्वस्तात विकायची पाळी. लागोपाठ तीनदा माझा अंदाज बराबर निघाला. हे चार माणसांत म्हणायला लागले, "आमच्या घरातच बाजार बसलाय." मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! उभ्या आयुष्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता टँकर कधी आणायचा ते माझ्या तोंडावर ठरत होतं.

पुढच्या वर्षीच्या भादव्यात पावसानं झड धरली. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला पाझर तलाव झाला होता, तो पहिल्यांदा काठोकाठ भरला. महालक्ष्म्या उठल्या, पितृपंधरवडा लागला, आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामा खाटेवरून खाली बसलेले. नळीच्या तोंडाला कान लावून.

"काय करून राह्यले, मामा?"

"बाई, खाली पाणी आलंय."

"आठ दिवस पाऊस लागलाय. पाणी तर येणारच की."

"वरचं न्हाई. तिचं तिचं आलंय. कूस बदलून राह्यली ती."

त्यांनी पंपावरच्या गड्याला हाक मारली. आमच्याकडं पंधरा वर्षांपासून होता तो. सुतळीला नट बांधून नळीतून खाली सोडायला लावलं. सुतळी वर ओढली तर दोन हात ओली. हे दांडी पुसत तिथं आले.

"बाबा, नळीचं तोंड उघडं हाय. पावसात ओली न्हाई तर काय कोरडी येईल?"

"टाकी भरून घे तू. आजच टँकर सांग."

"कशापायी?"

"भरलेली असली म्हंजे जड राहते. रिकामी डबी पाण्यावर येते. तिला वर यायला काय लागतं?"

यांनी दांडीचं टोक त्यांच्यासमोर धरलं. आंधळ्या माणसासमोर! "हा लेप बघा. पाणी लागलं की रंग बदलतो. तुम्हाला दिसत न्हाई, मी सांगतो, न्हाई बदलला."

"मी टाकीत म्हणून राह्यलो का? मी टाकीखाली म्हणून राह्यलो."

यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतंय तुझं ब्रेंट?"

ब्रेंट आठ दिवसांपासून रोज उतरत होतं. दुबईही त्याच्यामागं. मी वही न बघता सांगितलं, "सोळाला उतरणार. बिलकुल उतरणार. तोवर टँकर नको."

विषय तिथंच संपला.

मामांनी मात्र सोडलं नाही. जेवताना तेच, औषध घेताना तेच. मग ते काठी घेऊन टाकीच्या सिमेंटपाशी उभे राहायला लागले. गाडी आली की काठी आडवी करायची, "इथं उभं करू नका, बाजूला घ्या." एकदा जांब समर्थला दर्शनाला निघालेली जीप आली. मामांनी तिच्या टपावर काठी मारली. आतल्या एका बाईनं विचारलं, "आजोबाच्या अंगात येतं का हो?" सगळी जीप हसली आणि डिझेल न घेताच पुढं गेली.

यांचा चेहरा उतरला. दुपारी यांनी औरंगाबादला माझ्या नणंदेला फोन लावला. मी दारातच होते.

"बाबाच्या डोक्यावर परिणाम झालाय. चौदा तारखेला घेऊन येतो. तिकडं डोक्याच्या डॉक्टरला दाखव, अन् राहू दे तुझ्याकडंच. हो, कायमचंच. इथं गिऱ्हाईक तोडायला बसलेत ते."

मामांच्या कानांनी ते ऐकलं असणारच.

खरं सांगते, त्याआधीच मलाही ऐकू यायला लागलं होतं. आधी वाटलं पोटात गुरगुरतंय. मग वाटलं लांबून ट्रक येतोय, पण रस्ता मोकळा. सकाळी सडा टाकायला गेले की पायाखालून यायचं, मोठ्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार भरावा तसं. एकदा आला की बराच वेळ नाही. आपण कान टवकारले की बंद. आणि पाठ फिरवली की पुन्हा.

एका भर दुपारी सिमेंटखालून बेडूक ओरडले. एक नाही, चांगले चार-पाच. वरून फरशी कोरडी ठाक, कुठं फट नाही, आणि आतून बेडूक! गडी नोझल हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, हे पंधरा वर्षं कुठं होते हो?"

मी म्हणाले, "चल, काम कर."

हे जेवायला बसले होते तेव्हा मी गुपचूप सुतळी सोडली. चार हात ओली. दुसऱ्या दिवशी सहा. नळीच्या तोंडावर मी स्वतः ताट पालथं घालून ठेवलं होतं, वरून थेंब जायची सोय नव्हती. पाणी वर चढत होतं. नळीतून वासही यायचा. डिझेलचा नव्हे, जुन्या पाण्याचा, शेवाळाचा. आणि बारा-तेरा तारखेची गोष्ट, हे सकाळी दांडी वर काढून बघतच राहिले.

"रात्रीच्यापेक्षा दोन बोटं जास्त भरलं."

"मोजायला चुकलं असेल."

"तीनदा मोजलं. टँकर न्हाई आला अन् माल वाढला?" ते हसले, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. "गरमीनं फुगतं कधीकधी," म्हणाले. पंधरा दिवस ऊन पडलेलं नव्हतं.

माल वाढला नव्हता. आत टाकी एका बाजूनं उचलली गेली होती आणि तळातलं डिझेल दांडीच्या बाजूला आलं होतं. हे मला तेव्हा असं शब्दांत सांगता आलं नसतं, पण काही तरी हललंय एवढं कळत होतं. तरी मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते पुष्कळदा स्वतःला विचारलंय मी. सांगितलं असतं तर टँकर आणावा लागला असता, आणि सोळा तारीख चार दिवसांवर होती. माझ्या वहीत ब्रेंट उतरत होतं. माझा अंदाज खरा ठरायचा होता. बाकी कारणं नंतर जोडलेली आहेत, खरं कारण एवढंच.

तेरा तारखेला संध्याकाळी मी मामांच्या कपड्यांची पिशवी भरत होते. त्यांनी मला खाटेपाशी बोलावलं. हेही तिथंच खुर्चीवर बसले होते.

"बाई, तू दिवसभर इथंच असतीस. मला खरं सांग. तुला येतं का काही ऐकू?"

हे माझ्याकडं बघत होते. आणि नेमका त्याच वेळी पायाखालून तो हुंकार आला. लांबलचक. मला तो तळपायांना जाणवला. यांच्याकडं मी बघितलं नाही.

"न्हाई, मामा," मी म्हणाले. "काहीच न्हाई ऐकू येत."

मामांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "मंग माझंच डोकं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जीपमध्ये बसले. कुणाचा हात धरला नाही. हे त्यांना पोचवून संध्याकाळी परत आले.

पंधरा तारखेला झड उघडली. लख्ख ऊन पडलं. रस्त्यावरून वाफा निघत होत्या. दुपारी बाराचा सुमार. टाकीत तळाला थोडंसं डिझेल, गिऱ्हाईक नाही, हे ऑफिसात बसलेले, गडी सावलीला. मी खाटेवर वाळत घातलेलं मामांचं पांघरूण उलटं करायला गेले होते. कडुनिंबावरचे कावळे सगळे एकदम उडाले. पितरांचे दिवस, कावळे तेवढ्याचसाठी तिथं बसलेले असायचे. मी वर बघितलं आणि सिमेंटला तडा गेला.

आवाज फार मोठा नव्हता, हे मला अजून नवल वाटतं. पापड मोडावा तसा. मग फरशीचा मधला भाग फुगला, पोळी फुगते तसा, हळू, आणि त्याच्या कडेनं पाणी वर आलं. निवळशंख पाणी! नितळ, गार. आणि त्या पाण्यातून टाकीची काळी पाठ वर यायला लागली. डांबर फासलेली, वाळूनं माखलेली. वीस वर्षांपूर्वी जिला आत जाताना बघितलं होतं, तीच. घाई नाही, काही नाही. म्हैस पाण्यातून उठते तशी एका अंगानं ती उठत होती. नळ पिळवटून तुटले. डिझेल मशीनचा खांब वाकत वाकत आडवा झाला.

"मेन बंद कर! मेन!" हे ओरडले. गड्यानं धावत जाऊन बटण पाडलं. मग सगळं थांबलं. टाकी कमरेइतकी वर येऊन तिरपी उभी राहिली होती, आणि तिच्या भोवती विहिरीचं पाणी उन्हात हलत होतं. त्यात एक बेडूक पोहत होता. कुणाला खरचटलंही नाही.

हे म्हणाले, "बाबा बराबर सांगून राह्यला होता."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, डिझेल स्वस्त. ब्रेंट उतरलं होतं, भाव उतरला होता, माझा अंदाज पुन्हा बराबर निघाला होता. ती वही मी चुलीत घातली.

हे त्याच दिवशी औरंगाबादला गेले आणि एकटेच परत आले. मामा म्हणाले होते, "तिला पाठव."

मी एसटीनं गेले. नणंदेच्या फ्लॅटात मामा भिंतीकडं तोंड करून बसले होते. शेजारी गोळ्यांचं पाकीट. डॉक्टरनं कानातले आवाज बंद व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि मामा त्या मुकाट्यानं घेत होते. नणंद चहा टाकायला आत गेली. मी त्यांच्या पायाशी बसले. एसटीत सगळं जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मामा, मलाबी ऐकू येत होतं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"तू फरशीवरून चालायची सोडली होती. आधी सरळ यायचीस, चहा घेऊन. मग लांबून, कडुनिंबाला वळसा घालून यायला लागली. तुझं पाऊल मला कळत न्हाई व्हय?"

मला रडू फुटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, आणि झिडकारलंही नाही.

"मला इकडं यायचं काही वाटत न्हवतं, बाई. लेकीचं घर हाय. पण येडा ठरून यायचं न्हवतं. तू हो म्हणली असती तर टाकी जायची ती गेलीच असती, एका दिवसात काय टँकर येतंय? पण मी आपल्या पायानं आलो असतो."

मी म्हणाले, "चला घरी."

ते आले. त्याच दिवशी, माझ्याबरोबर, एसटीनं. पुढं कंपनीनं नवी टाकी पलीकडं पत्थर फोडून बसवली, आणि विहीर मोकळी केली. दगड-मुरूम काढायला महिना लागला. तिचं पाणी आजही उन्हाळ्यात टिकतं. यांनी मामांची माफी मागितली, गड्यासमोर, हात जोडून. मामा म्हणाले, "जाऊ दे रे." गोळ्या मी फेकून दिल्या. सगळं पूर्वीसारखं झालं, असं कुणीही म्हणेल.

खाट कडुनिंबाखालीच राहिली. मामा पुढं सहा वर्षं जगले. कधी चहा घेऊन जावं, तर ते मान एका बाजूला कलती करून बसलेले असायचे, श्वास धरून, काही तरी ऐकत. चेहरा असा, की मला पुढं पाऊल टाकवायचं नाही. मी खाटेपाशी थांबायची. मीही कान द्यायची. रस्त्यानं अंकुशनगरच्या साखर कारखान्याला उसाचे ट्रॅक्टर चाललेले असायचे, त्यांची धडधड सोडून मला काही ऐकू यायचं नाही.

"काय हो मामा? काय आवाज येतोय?"

ते मान सरळ करायचे, हात पुढं करून कप घ्यायचे.

"काय न्हाई, बाई."

सहा वर्षांत त्यांनी मला दुसरं उत्तर दिलं नाही.